उरलेले तीन शब्द

मिस्त्री पडला तेव्हा त्याच्या तोंडातली शिवी अर्धीच राहिली होती.

कपाटाचा एक खण चौकटीत नीट सरकत नव्हता. त्याने तो बाहेर काढला, कडेवरून रंध्याचा हलका हात फिरवला, परत बसवला, तरी मेला घासतच होता. "च्यायला, या लाकडाला काय..." इतकं म्हणून तो थांबला. त्याची बायको मागे बसून दाराच्या फळीवर पॉलिशपेपर फिरवत होती. तिला वाटलं, याला चूक सापडली. चूक सापडली की तो असाच बोलता बोलता गप्प व्हायचा. मग ओलं पोतं टाकल्यासारखा आवाज आला. तिने वळून पाहिलं तर मिस्त्री भुशात आडवा, तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली आणि उजवा हात अंगाखाली असा दुमडलेला, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

तिने हाक मारली, पण आपण काय ओरडलो ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. समोरचा सायकलवाला हातातलं चाक टाकून धावत आला. त्याने मिस्त्रीला काखेत हात घालून उचललं, रस्त्यातून जाणारी पहिली गाडी आडवा जाऊन थांबवली आणि दवाखान्यात नेलं. ती गाडीत बसली तेव्हा तिच्या मुठीत पॉलिशपेपरचा तुकडा तसाच होता.

मिस्त्री वाचला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झाली, वेळेवर आणलंत. उजवी बाजू गेली होती, डोळे मात्र जागे होते. तो सगळ्यांना ओळखत होता. लेक आली तेव्हा तिचा हात त्याने डाव्या हातात घट्ट धरून ठेवला. पण तोंडातून शब्द नव्हता. नुसता घशात घरघर केल्यासारखा आवाज यायचा आणि तो स्वतःच दमून डोळे मिटायचा.

मग एका सकाळी नर्स त्याची सुई बदलत होती. शीर सापडेना. तिने पुन्हा टोचलं आणि मिस्त्री अगदी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "देवा, तुझे आभार."

नर्सचा चेहरा फुलला. "अहो, बोलले की हे. आणि काय छान बोलले."

मिस्त्रीची बायको, गल्लीतली सगळ्यांची मिस्त्रीणबाई, पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने पलंगाचा लोखंडी दांडा धरला. नवऱ्याचं बोलणं परत आलं म्हणून तिने रडायला हवं होतं, हसायला हवं होतं. पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला. समोरच्या माणसाच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोललं होतं.

कारण या माणसाने हे शब्द आपल्या घरातून हाकलून दिले होते.

मिस्त्री तसा नास्तिक वगैरे नव्हता. देव आहे की नाही यावर त्याने कधी डोकंच चालवलं नाही. त्याची आई मात्र उठता-बसता ते तीन शब्द म्हणायची. ताट पुढे आलं की, दिवा लागला की, पोरं शाळेतून धडधाकट घरी आली की. लहानपणी मिस्त्रीला आणि त्याच्या धाकट्या भावाला ते म्हटल्याशिवाय घास मिळायचा नाही. लग्न होऊन मिस्त्रीणबाई घरात आली तेव्हा मिस्त्री जेवायला बसताना अजून सवयीने ते पुटपुटायचा. अर्धे शब्द घासाबरोबर गिळायचा आणि आईची बोलणी खायचा.

मग त्यांचा पहिला मुलगा गेला. दोन वर्षांचा होता, नुकता तुटक बोलायला लागला होता. ताप आला, डोक्यात गेला, आणि संपलं. घरात माणसं जमली होती. मिस्त्री भिंतीला पाठ लावून बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. आणि त्या शांततेत सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी पोराच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवा, तुझे आभार."

मिस्त्री उठला. आईच्या अंगावर धावून जाईल की काय म्हणून धाकट्या भावाने त्याला मागून धरलं. तो एवढंच म्हणाला, "हे शब्द परत या घरात नकोत. तूही नकोस." सासूबाई धाकट्याकडे राहायला गेल्या त्या गेल्याच. धाकटा बसने तासाभराच्या गावात राहायचा. त्यानंतर मिस्त्री कधी आईशी बोलला नाही. तिच्यासाठी त्याने खाट बनवून पाठवली, तिचे गुडघे धरायला लागले तेव्हा ती थोडी उंच करून परत पाठवली, पण धाकट्याच्या दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. लग्नकार्याला बायकोला सोडायला जायचा आणि फाटकाशी उभा राहायचा.

पुढे लेक झाली, धंदा वाढला, कापायचं यंत्र आलं, मागच्या दोन खोल्यांवर पत्र्याऐवजी स्लॅब पडला. मिस्त्रीणबाईने प्रत्येक वेळी ते तीन शब्द म्हटले, पण मनातल्या मनात, ओठ न हलवता. सासूचा राग तिलाही होता. तिच्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून ती बाई काय बोलली होती, हे ती कशी विसरेल? पण चांगलं काही घडलं की आतून आपोआप आभार यायचे. नवऱ्याच्या हातांसाठी तर रोज. तिने त्या हातांना लाकडातून कमानी काढताना पाहिलं होतं.

डॉक्टरांनी दोघी मायलेकींना बाजूला घेऊन समजावलं. तरुण होते, पण शांतपणे, न कंटाळता बोलत होते. "त्यांना सगळं समजतंय. काय म्हणायचं आहे तेही माहीत आहे. पण शब्द जुळवणारी जागा दुखावली आहे. अशा वेळी कधी कधी एखादं पाठ असलेलं वाक्य तेवढं शाबूत राहतं. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं काहीतरी. मग पाणी हवं असलं तरी तेच तोंडात येतं, दुखलं तरी तेच."

"म्हणजे ते आभार मानत नाहीयेत?" लेकीने विचारलं.

"ते काय म्हणतायत ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचं."

"आणि बाकीचे शब्द? येतील?"

"थोडे येतील कदाचित. सराव करत राहा."

त्या आत आल्या तेव्हा मिस्त्री छताकडे बघत होता. बायकोला पाहून त्याने तोंड उघडलं. काहीतरी मोठं, लांबलचक सांगायचं होतं त्याला, मान पुढे आली होती, कपाळाची शीर फुगली होती. "देवा, तुझे आभार," तो म्हणाला. थांबला. पुन्हा जोर लावला. "देवा, तुझे..." आणि त्याने डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. हाताच्या वर त्याचे डोळे असे झाले होते की तिला त्यांच्याकडे बघवेना. तिला जेवढा धक्का बसला होता त्याच्या दसपट त्याला बसला होता. घरातून हाकलून दिलेली गोष्ट त्याच्या तोंडात येऊन बसली होती आणि बाकी सगळं चंबूगबाळं तिने बाहेर फेकलं होतं.

घरी आणल्यावर सुरुवातीला तो बोलायचाच नाही. ओठ शिवल्यासारखा बसायचा. पण माणूस किती वेळ गप्प राहणार, त्यातून हा तर वाक्यावाक्याला शिवी देणारा. चहा गरम लागला, "देवा, तुझे आभार." पाय उंबऱ्याला अडकला, "देवा, तुझे आभार." हाताखालचा कारागीर बिजागरी उलटी ठोकायला लागला तेव्हा तर मिस्त्री खुर्चीतून अर्धा उठला आणि ते तीन शब्द त्याने असे काही झाडले की कारागिराच्या हातातला हातोडा पडला.

शाळेच्या बाकांचं काम रखडलं होतं. हेडमास्तर तणतणत आले. मिस्त्री आजारी आहे हे त्यांना माहीत होतं, पण किती आजारी ते माहीत नव्हतं. "पोरं जमिनीवर बसतायत, मिस्त्री. शब्द दिला होतात तुम्ही."

मिस्त्रीचा चेहरा लालबुंद झाला. समोर बाक अर्धे तयार होते, त्याला हात चालवता येत नव्हता, आणि वर हा माणूस शब्दाची आठवण करून देत होता. त्याने डाव्या हाताची मूठ खुर्चीवर आपटली आणि हेडमास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "देवा, तुझे आभार. देवा, तुझे आभार. देवा..."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला माफ करा," ते हळूच म्हणाले. "एवढ्या अवस्थेत तुमची ही श्रद्धा. सावकाश होऊ द्या बाक." आणि मान खाली घालून निघून गेले.

मिस्त्रीणबाई दाराआड उभी होती. तिने तोंडात बोळा कोंबावा तसा हात कोंबला, तरी हसू फुटलंच. लेक आलेली होती, तीही हसत सुटली. मिस्त्री दोघींकडे रागाने बघत राहिला आणि मग त्याच्याही तोंडाची चालती बाजू हलली. घरात कितीतरी आठवड्यांनी कुणी हसलं होतं.

पण गोष्ट गल्लीभर झाली. मिस्त्रीला देव भेटला, संकटात आभार मानतो, असं लोक बोलायला लागले. रद्दीवाला दुकान बंद करून पाच मिनिटं नुसता येऊन बसायचा. कोपऱ्यावरची एक बाई आपल्या सतत कुरकुरणाऱ्या नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. "बघा जरा. शिका काहीतरी," असं म्हणून तिने त्याला मिस्त्रीसमोर बसवलं. मिस्त्री त्या नवऱ्याकडे आणि तो नवरा मिस्त्रीकडे, दोघेही सारखेच अडकल्यासारखे बघत बसले. मिस्त्रीणबाई चहा देऊन त्यांना वाटेला लावायची. "त्यांना तसं म्हणायचं नसतं हो," असं एक-दोनदा सांगून पाहिलं तिने. पण तो विनय आहे असंच लोक समजले.

फक्त सायकलवाल्याला नीट कळत होतं. संध्याकाळी दुकान आवरलं की तो पायरीवर येऊन टेकायचा. मिस्त्री एकदा चढ्या आवाजात म्हणायचा, एकदा खालच्या, एकदा ओढून, आणि सायकलवाला उत्तरं द्यायचा. "हो ना, आज हवा भरायलाही कुणी आलं नाही." "छे, तो सागवान नाही, फसवलं तुम्हाला." बरोबर ओळखतो की अंदाजपंचे बोलतो, देव जाणे. पण मिस्त्रीच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या.

तिच्या स्वतःच्या मनात मात्र काहीतरी विचित्र झालं होतं. ती आता दुकानाचं सगळं बघायची, नवऱ्याला उठवायची, न्हाऊ घालायची, आणि उरलेल्या वेळात पॉलिशचा बोळा घेऊन बसायची. एकदा दाराच्या फळीवर चौथा हात मारला आणि लाकडाच्या आतून तो मधासारखा रंग वर आला. असा रंग आला की पूर्वी तिच्या मनात ते शब्द उमटायचे. ती थांबली. वाट पाहिली. काही नाही. आत अगदी रिकामं. तिच्या मनातून ते उठून गेले होते आणि त्याच्या तोंडात जाऊन बसले होते. तिला राग आला. आयुष्यभर मी चोरून म्हटले, ती मनाशी म्हणाली, आणि त्याचं हे असं केलंस? आता म्हणवून घे त्याच्याकडूनच.

मग सायकलवाल्याचा मुलगा गेला.

तरणाताठा पोरगा, बापाच्या हाताशी आलेला. सामान आणायला मोटरसायकलवरून गेला होता, वळणावर ट्रकखाली आला. बातमी गल्लीत आली तेव्हा मिस्त्रीणबाई दुकानात होती. सायकलवाला समोर हवेचा पंप धरून उभा होता आणि कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. तिने त्याला पंप हळूच, काळजीने भिंतीला टेकवून ठेवताना पाहिलं. मग तो तिथेच खाली बसला.

मिस्त्रीला सांगावं की नाही याचा विचार करायलाही वेळ मिळाला नाही. त्याने खिडकीतून पाहिलं होतं. तो काठी शोधत होता.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

त्याने काठी जमिनीवर आपटली.

"अहो, ऐका माझं. तुमच्या तोंडून तिथे ते निघालं तर? तुम्हाला आठवतंय ना आपल्याकडे काय झालं होतं?" इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "मी ते पुन्हा नाही ऐकू शकत. त्या बाईला, त्याच्या आईला तरी कसं ऐकवू?"

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. दोन बोटं ओठांवर ठेवली आणि मान हलवली. नाही बोलणार.

रस्ता ओलांडायला त्यांना खूप वेळ लागला. सायकलवाल्याच्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. मुलगा मधे निजवलेला, त्याची आई त्याच्या पायाशी, आवाज बसून गेलेली. लोकांनी मिस्त्रीला वाट दिली, खुर्ची दिली. तो बसला नाही. सायकलवाला भिंतीला पाठ लावून बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मिस्त्री त्याच्यासमोर गेला आणि काठी सोडून त्याच्या शेजारी भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याने ओठ गच्च मिटले होते. तिला त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसत होती. आवर, ती मनात म्हणत होती, आवर.

सायकलवाल्याने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आणि मिस्त्रीच्या छातीतून काहीतरी फुटून वर आलं.

"देवा, तुझे आभार."

मिस्त्री हात तोंडाकडे न्यायला गेला, पण तो सायकलवाल्याखाली अडकला होता. "देवा, तुझे आभार. देवा... देवा, तुझे आभार." ते थांबेचना. तोंड वेडंवाकडं झालं होतं, लाळ गळत होती, अश्रू गळत होते, आणि शब्द एकावर एक पडत होते.

मुलाचा मामा उठला. "काय म्हणतोय हा? पोर मेलंय आमचं आणि हा आभार मानतोय? बाहेर काढा याला." त्याने मिस्त्रीची कॉलर धरली. मागून आणखी दोघं सरसावले. मिस्त्रीणबाई पुढे व्हायला गेली, पण तिचे पाय हलले नाहीत. ती तिथे नव्हतीच. ती त्या दुसऱ्या खोलीत होती, लहानग्याच्या शेजारी, आणि कुणीतरी त्याच्या कपाळावर हात ठेवत होतं.

"सोडा त्याला," सायकलवाला म्हणाला. मान न उचलताच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तो रडतोय. ऐकू येत नाही का तुम्हाला? रडतोय तो. रडू द्या."

मामाचा हात सुटला. मिस्त्री तसाच म्हणत राहिला, हळूहळू आवाज उतरत गेला, आणि पायाशी बसलेली आई त्या आवाजाबरोबर पुढे-मागे डुलायला लागली, जणू तिला स्वतःला न फुटणारा आवाज कुणीतरी काढून देत होतं.

घरी आल्यावर मिस्त्री भिंतीकडे तोंड करून झोपला. मिस्त्रीणबाईला हात-पाय धुवायचंही भान राहिलं नाही. एकच विचार तिला सोडेना. सासूबाईंचंही असंच तर झालं नसेल? आयुष्यभर एकच गोष्ट म्हणत आलेली बाई. दुःख आलं तेव्हा बाहेर यायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? आणि आपण त्याला काय समजून बसलो.

त्यानंतर बरेच दिवस मिस्त्रीने तोंड उघडलं नाही. सरावालाही नाही, लेकीसाठीही नाही. मग एक दिवस चहा पिता पिता त्याने कप खाली ठेवला, बायकोच्या बाहीला धरून ओढलं आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.

"काय? दवाखाना?"

नाही.

"लेकीकडे जायचंय?"

नाही. त्याने डोळे मिटले, आणि मग अगदी सावकाश, नाकातून थोडा सूर काढत, पहिला शब्द लांबवत म्हणाला, "देवाऽऽ, तुझे आभार." तो त्याचा आवाज नव्हता. तो सूर तिच्या ओळखीचा होता. ताट पुढे आलं की लागायचा तो सूर.

"आईंकडे?"

मिस्त्रीने मान डोलावली.

धाकट्या दिराच्या घरी कुणाला कळवलं नव्हतं. जावेने दार उघडलं आणि भाऊजींना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना बघून ती बाजूलाच झाली. आतल्या खोलीत सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, सुकून मूठभर झालेल्या. पाय जमिनीला बरोबर टेकत होते. त्यांनी काठीचा आवाज ऐकला, फरपटणाऱ्या पायाचा ऐकला.

"कोण?"

मिस्त्री दारात उभा राहिला. "देवा, तुझे आभार," तो म्हणाला.

म्हातारी दचकली. तिने आधाराला खाटेची कड पकडली. "धाकट्याने सांगितलं होतं मला," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून सांगतोय." मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा चुरगळला. "बाकी सगळं काढून घेतलं आणि नेमकं तेवढंच ठेवलं तुझ्या तोंडात? ये. बस इथे."

तो बसला. तिने त्याचा उजवा, मेलेला हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून चोळायला लागली. मिस्त्रीणबाई दाराशी उभी होती. विचारायचं नाही असं ठरवून ती आली होती. पण त्या चोळणाऱ्या बोटांकडे बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं.

"आई, माझं लेकरू गेलं तेव्हा तुम्ही ते म्हणालात. तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून ना? तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं ना?"

ती वाट बघत होती. म्हातारीने नुसतं हो म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मला तेच म्हणायचं होतं."

मिस्त्रीची मान वर झाली. मिस्त्रीणबाईच्या कानात वारं भरल्यासारखं झालं.

"दोन वर्षं तो माझ्या मांडीवर होता. मला आजी म्हणता यायचं नाही त्याला, दीजी म्हणायचा. तो आलाच नसता तर? ती दोन वर्षं कुणी दिली होती? त्याचे आभार मानायचे राहून गेले असते, आणि नंतर मी कधीच मानू शकले नसते. मला माहीत होतं ते. माझ्या आत इतका राग होता की तेव्हाच नाही म्हटलं तर तोंड कायमचं बंद होईल."

"पण मोठ्याने? आमच्यासमोर?"

"मनात म्हणून पाहिलं होतं आधी. माझाच विश्वास बसला नाही." तिने मुलाचा अंगठा चोळला. "तुमचं काय होईल याचा विचार मी केला नाही. याने मला घालवलं ते बरोबरच केलं. त्या दिवसापासून मी रोज म्हणते. काही दिवस खरं असतं. काही दिवस अगदी खोटं असतं, दात ओठ खाऊन म्हणते. तरी म्हणते."

दीजी. मिस्त्रीणबाई तो शब्द विसरूनच गेली होती. इतकी वर्षं तिच्याजवळ फक्त तो शेवटचा ताप उरला होता आणि कपाळावरचा तो हात. त्याचा आवाज गेला होता. आता एकदम, कुठून तरी, तो कानात आला. दीजी. आणि पाण्याला तो काय म्हणायचा तेही. आणि रंध्याला. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. मिस्त्री उठायला बघत होता, त्याला उठता येत नव्हतं.

"मला नाही म्हणता येत आता," ती रडता रडता म्हणाली. "हे पडले तेव्हापासून. पूर्वी मनात यायचं. आता आत काहीच येत नाही."

"मग नको म्हणू," म्हातारी म्हणाली. "आम्ही दोघं म्हणतोय ना तोवर."

थोड्या वेळाने मिस्त्रीणबाई चूळ भरून स्वयंपाकघरात गेली. जाऊ चहाचं आधण ठेवत होती, तिचेही डोळे लाल होते. आतल्या खोलीतून आवाज येत होते. एक म्हातारा, बारीक. एक जाड, अडखळता. तेच तीन शब्द, कधी याच्याकडून, कधी तिच्याकडून. मधे थांबायचे. मग कुणीतरी एकदम तावातावाने म्हणायचं, आणि दुसरं हळूच. एकदा तर दोघंही एकाच वेळी बोलले, भांडल्यासारखे. मग म्हातारी हसली.

जावेने कान दिला. "एवढं काय बोलतायत?"

"राहिलेलं सगळं," मिस्त्रीणबाई म्हणाली. "कप कुठे ठेवतेस गं तू?"

"वरच्या फळीवर. डबा बाजूला कर, त्याच्या मागे आहेत."